पेरण्याआधी मोजून घ्या: डब्यातलं भाजीचं बी जिवंत आहे का, हे घरीच कसं तपासायचं

मटकीला मोड आणता येतात ना तुम्हाला? मग बियांची उगवण तपासणं अर्ध्याहून जास्त येतंच. राहतं ते एवढंच: भिजवण्याआधी मोजायचं आणि मोड आल्यावर पुन्हा मोजायचं. नवरात्रात घट बसवतो तेव्हा घटाभोवतीच्या मातीत धान्य टाकतो आणि नवव्या दिवशी बायका एकमेकींना विचारतात, "तुमचा घट कसा आलाय?" दाट आला तर बी चांगलं, विरळ आला तर डब्यात काहीतरी बिनसलंय. दसऱ्याला तेच पिवळे तुरे टोपीत आणि केसात खोवून आपण सोनं द्यायला जातो. सणाचा भाग बाजूला ठेवला तरी ती दरवर्षी घरात होणारी बियाण्याची परीक्षाच असते.

भाजीच्या बियांची अशी परीक्षा मात्र कुणी घेत नाही. माळ्यावरचा डबा काढायचा, आळं करायचं आणि बी टोचून मोकळं व्हायचं. मीही तसंच करत होते. एका वर्षी दसऱ्यानंतर कांद्याचं रोप टाकलं. बी दोन पावसाळे डब्यात राहिलेलं होतं, पण दिसायला काळंभोर, तिकोनी, अगदी नव्यासारखं. बारा दिवस झारीनं पाणी घातलं. वाफा हिरवा झाला म्हणून खाली बसून पाहिलं, तर सगळं तण. कांद्याचं रोप मातीतून बाहेर येताना आकड्यासारखं वाकलेलं असतं. तसले आकडे सगळ्या वाफ्यात मिळून सात. नवं बी आणून पुन्हा टाकेपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्या वर्षीचा कांदा उशिरा आला तो आलाच. वीस बिया ओल्या फडक्यात ठेवल्या असत्या तर हे आधीच कळलं असतं.

हा लेख पहिल्यांदाच बी तपासणाऱ्यांसाठी आहे. परसात चार वेल लावणारे असोत की वीस गुंठ्यांत भाजी करून बेळगावच्या बाजारात नेणारे असोत, रीत एकच आहे.

कधी तपासायचं

पावसाळी भाजीसाठी अक्षय तृतीयेच्या आसपास. आपल्याकडे त्या दिवशी वेलांची आळी घालायची पद्धत आहेच, तेव्हा डबे तसेही खाली येतात. रोहिणी नक्षत्र साधारण 25 मेला लागतं आणि मृग 7-8 जूनला. हातात तीनेक आठवडे असले की चाचणी पूर्ण होते, आणि बी मेलेलं निघालं तर दुसरं मिळवायलाही वेळ राहतो. शिवाय मे महिन्यात घरात ऊब असते, मोड लवकर येतात. हिवाळी भाज्यांचं, म्हणजे कांदा, कोबी, नवलकोल, मुळा, मेथी यांचं बी गणपतीनंतर तपासा.

खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे राहत असाल तर पावसाळ्यानंतर एकदा तपासाच. तिकडचा पाऊस आणि घरात भरून राहणारी दमट हवा यांनी बी जितकं लवकर मरतं, तितकं अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत मरत नाही. एकाच भोपळ्याचं बी दोन बहिणींनी वाटून घेतलं, एक कणकुंबीला आणि एक अथणीला, तर तिसऱ्या वर्षी दोघींच्या डब्यांत फरक पडलेला असेल.

नमुना काढणं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात

डबा उघडला की हात आपसूक टपोऱ्या बियांकडे जातो. तपासायला तेवढ्याच घेतल्या तर निकाल चांगला येणार, आणि शेतात उतरणार मात्र सगळाच डबा. म्हणून आधी सगळं बी ताटात ओतून हातानं नीट कालवा. मग वरचं, मधलं, कडेचं, तळाचं असं चिमूट चिमूट उचला आणि डोळे मिटून मोजल्यासारखं मोजा. बारीक आली तर बारीक, सुरकुतलेली आली तर सुरकुतलेली. चवळीत आणि घेवड्यात भुंग्यानं भोक पाडलेलं बी असतं, तेही जितकं हाताला येईल तितकं येऊ द्या. फक्त काडीकचरा आणि तुटलेले अर्धे तुकडे बाजूला करा.

किती घ्यायचं? प्रयोगशाळेत 400 बिया लावतात, शंभराचे चार गट करून. आपल्याला तेवढं परवडत नाही. मिरची, वांगं, टोमॅटो, मेथी यांचं बी भरपूर असतं, तेव्हा पन्नास घ्या. भेंडी, चवळी, गवार यांचे वीस पुरेत. दोडका, पडवळ, दुधी यांचं मोजकंच बी असेल तर दहा घ्या, पण मग आकड्याकडे जरा सैल हातानं पाहा. दहात एक बी म्हणजे दहा टक्के. वीसपैकी चौदा उगवल्या म्हणजे सत्तर टक्के, पण त्याच डब्यातल्या दुसऱ्या वीस लावल्या तर बारा येतील किंवा सोळाही येतील. त्यामुळे 70 आणि 65 यांत फरक शोधत बसू नका. 70 आणि 30 यांतला फरक मात्र खरा असतो.

एक सांभाळायचं. दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी, लाल किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. त्याला उघडा हात लावू नका, उरलेलं कोंबड्यांपुढे टाकू नका आणि जेवणाचं ताट वापरू नका.

ओल्या कापडाची गुंडाळी

जुन्या सुती पातळाचा हातभर तुकडा घ्या. आधी उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर त्यातलीच बुरशी बियांवर चढते. कापड नको असेल तर हात पुसायचा जाड पेपर नॅपकिन दोन पदरी घेतला तरी चालतो. वर्तमानपत्र मी वापरत नाही, कारण शाई उतरते आणि मोडाचा रंग नीट दिसत नाही. पाणी प्यायचं वापरा. काही गावांत बोअरचं पाणी खारट असतं, त्यात कोवळी मुळं करपल्यासारखी होतात आणि दोष बियावर येतो.

कापड भिजवून घट्ट पिळा आणि त्यावर बोट दाबा. बोटाभोवती पाण्याची कड उभी राहिली तर कापड जास्त ओलं आहे, पुन्हा पिळा. बोटाला फक्त गारवा लागला पाहिजे. बी पाण्यावाचून मरतं त्याहून जास्त वेळा ते पाण्यात बुडून, हवा न मिळाल्यानं कुजतं. मटकी आपण आधी रात्रभर भिजवतो, इथे तसं करू नका. विशेषतः घेवडा, चवळी आणि बीन्स यांचं कोरडं ठणठणीत बी एकदम पाण्यात टाकलं की ते इतक्या वेगानं पाणी ओढतं की आतल्या डाळींना तडे जातात. ओल्या कापडातून ओल हळूहळू गेली की तसं होत नाही.

आता अर्ध्या कापडावर बिया ओळीनं मांडा, पाच-पाचच्या ओळी केल्या की मोजायला सोपं. दोन बियांत बोटभर अंतर ठेवा, म्हणजे एकीची बुरशी दुसरीला लागत नाही. उरलेलं अर्धं कापड वर पसरा आणि सैल गुंडाळी करा. बरोबर एक चिठ्ठी: कोणतं बी, कोणत्या साली धरलं, किती बिया, कोणत्या तारखेला ठेवल्या. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, पेनची शाई ओलीत फुटते. आठ गुंडाळ्या एका डब्यात ठेवल्यावर मिरची कुठली आणि वांगं कुठलं हे नुसतं आठवणीवर राहत नाही.

गुंडाळी प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेवा आणि झाकण अर्धवट लावा, वारा खेळला पाहिजे. उजेड असो नसो, आपल्या नेहमीच्या भाज्यांना फरक पडत नाही. ऊब मात्र हवी, 25 ते 30 अंश. मे महिन्यात स्वयंपाकघराचा कोपरा पुरतो. थंडीत मात्र बेळगावची पहाट 14 अंशांच्या आसपास उतरते, आणि तेवढ्या गारठ्यात मिरची, वांगं, कारलं दोन-दोन आठवडे हालत नाहीत. तेव्हा डबा फ्रिजच्या वर मागच्या बाजूला ठेवा, तिथे मोटरची ऊब असते. चूल असेल तर चुलीजवळच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवा. नाहीतर जानेवारीत तपासलेली मिरची मेली असं समजून फेकाल आणि ती नुसती गारठलेली असेल.

रोज एकदा उघडा. कापड सुकत आलं असेल तर हातानं पाणी शिंपडा. उघडताना जो वारा लागतो तोही बियांना हवाच असतो.

काय दिसतं

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी बिया फुगतात, भेंडीचं राखाडी बी गडद होतं. घाई करू नका. मेलेलं बीसुद्धा पाणी ओढतं आणि फुगतं, म्हणून फुगणं मोजायचं नसतं.

दोडक्याचं बी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळून पाहा. काळ्या चपट्या बियेचं निमुळतं टोक किंचित उकलतं, चिमणीनं चोच उघडावी तसं, आणि आत पांढरा ठिपका दिसतो. दुसऱ्या दिवशी तो ठिपका गव्हाएवढा होतो आणि खाली वळतो. त्यावर बारीक लव असते. ही बुरशी नव्हे, मुळाचे केस असतात. नवीन माणसं हमखास फसतात आणि चांगलं बी सडलं म्हणून टाकून देतात. ओळखायची खूण अशी: पाणी शिंपडलं की मुळाचे केस चिकटून दिसेनासे होतात, आणि ते फक्त मुळावर, टोकाच्या जरा मागे असतात. बुरशी बियेच्या सालीवरही पसरते, कापडाला धागे सोडते आणि वास मारते.

बुरशी चढलेलं, दाबल्यावर पिचणारं बी लगेच उचलून टाका आणि मेलेल्यांत धरा. मोड आलेलं बी मोजून बाहेर काढत चला.

मोजायचं कोणतं? मुळाचं नुसतं टोक दिसलं म्हणजे उगवलं असं नाही. मूळ बियेच्या लांबीइतकं तरी वाढू द्या, आणि शक्य असेल तर कोंबही दिसू द्या. मूळ खुंटलेलं, टोकाला तपकिरी पडलेलं किंवा मुळाशिवाय नुसत्या डाळी उकललेल्या असतील, तर ते रोप मातीत तगत नाही. ते वेगळं मोजा आणि चांगल्यांत धरू नका. चवळी आणि बीन्समध्ये कधी कधी दोन्ही डाळी गळून नुसता दांडा वर येतो. मळणीत बी जोरात बडवलं गेलं की असं होतं.

कोथिंबीर आणि पालक यांत एक गंमत आहे. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे दोन बिया असतात. पालकाचा खडबडीत दाणाही अनेकदा दोन-तीन बियांचा झुबका असतो. त्यामुळे एका दाण्यातून दोन मोड आले तरी एकच मोजा, नाहीतर वीस दाण्यांतून सव्वीस उगवल्याचा हिशोब निघतो.

किती दिवस थांबायचं

प्रयोगशाळा दोनदा मोजतात, पहिल्यांदा लवकर आणि दुसऱ्यांदा शेवटी. तीच पद्धत घरी ठेवा. काकडी आणि भोपळा चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी. चवळी आणि बीन्स पाचव्या आणि आठव्या-नवव्या. मुळा चौथ्या आणि दहाव्या. कांदा सहाव्या आणि बाराव्या. टोमॅटो आणि मेथी पाचव्या आणि चौदाव्या, मिरची आणि वांगं सातव्या आणि चौदाव्या. दोडका, कारलं, दुधी चौथ्या दिवसापासून पाहायला लागा आणि चौदा दिवस द्या. कोथिंबीर आणि भेंडी यांना तीन आठवडे धीर धरावा लागतो.

पहिली मोजणी सोडू नका, माझ्या मते तीच जास्त बोलते. समजा दोन डब्यांतल्या भेंडीचे वीसपैकी सोळा मोड आले. एका डब्यातले चौदा पाचव्या दिवशीच आले, दुसऱ्यातले तीन आठवडे रेंगाळत एकेक करून आले. टक्के सारखे, पण दुसरं बी म्हातारं झालंय. कापडात ते उगवलं, पण आपल्या मातीवर वळवाची एक जोराची सर पडून वर पापुद्रा धरला की तो फोडून वर यायचं बळ त्याच्यात नसतं. असं बी याच हंगामात वापरा, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

शेवटच्या दिवशी काही बिया न फुगता टणकच राहिल्या तर त्या मेल्या असं समजू नका. भेंडी, गवार, कारलं यांच्यात अशा कठीण सालीच्या बिया असतात, पाणी आतच गेलेलं नसतं. साल एका बाजूनं खरखरीत दगडावर हलकी घासा (मोड येतो ते टोक सोडून) आणि पुन्हा आठवडाभर ठेवा. वेलीवरून नुकत्याच काढलेल्या बियाही कधी कधी झोपेत असतात, महिना-दीड महिन्यानं तेच बी भराभर येतं.

आकड्याचं काय करायचं

उगवलेल्या बिया भागिले लावलेल्या बिया, गुणिले शंभर. आपल्या देशात प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ठरवलेली आहे, ती मापाला घ्या: टोमॅटो, वांगं, कांदा, मुळा, मेथी, गवार 70 टक्के. चवळी आणि बीन्स 75. भेंडी आणि कोथिंबीर 65. मिरची, पालक, गाजर आणि बहुतेक वेलभाज्या 60. म्हणजे मिरचीचं साठ टक्के बी हे वाईट बी नव्हे, चालणारं बी आहे.

घरचं बी यापेक्षा खाली आलं की लोक म्हणतात, टाक ते. इथे थांबा. अर्धं बी जिवंत असलं तर जास्त टाकायचं, एवढंच. भेंडी आपण एका जागी दोन-दोन टोचतो. उगवण पन्नास टक्के असेल तर शंभरपैकी पंचवीस जागा रिकाम्या राहतील. तीन-तीन टोचल्या तर साधारण बारा-तेरा रिकाम्या, चार-चार टोचल्या तर सहा. मिरचीची दोनशे रोपं हवी असतील आणि उगवण साठ टक्के असेल, तर 200 भागिले 0.60, म्हणजे 333 बिया. त्यावर रोपवाटिकेत मरणाऱ्या, गोगलगाईनं खाल्लेल्या रोपांची भर घाला आणि चारशे टाका. मातीतली उगवण कापडातल्यापेक्षा नेहमी कमीच येते.

वीस-तीस टक्क्यांवर आलेलं बी वाफ्यात टाकू नका. बाजारात मिळणारं बी असेल तर नवं घ्या, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

पण घरचं बी असेल, आजीपासून आलेलं, दुसरीकडे न मिळणारं, तर नियम बदलतो. संकेश्वरी मिरचीचं एखाद्या घरानं निवडून निवडून धरलेलं बी, परड्यातला एखादा लांब दोडका, गावातला काटेरी वांग्याचा एक प्रकार, हे संपले की संपले. माझ्या मावशीनं दिलेल्या दोडक्याच्या बियांची चाचणी घेतली तेव्हा दहापैकी दोन आल्या. डब्यात एकूण एकतीस उरल्या होत्या. त्या सगळ्याच ओल्या कापडात ठेवल्या आणि ज्या उगवल्या त्या मोड धरून हलक्या हातानं पिशव्यांत लावल्या, मूळ खाली आणि बी नखभर खोल. पाच वेल मिळाले. त्यांची भाजी त्या वर्षी केली नाही, फळं वेलीवरच वाळू दिली. दोडक्याची फुलं संध्याकाळी उघडतात, आणि शेजारच्या परड्यात दुसऱ्या जातीचा दोडका होता. म्हणून चार वाजता मादी कळ्यांना आणि नर कळ्यांना सुती दोऱ्यानं बांधलं, दिवेलागणीला उघडून आपल्याच वेलांचे नर फूल हातानं टेकवलं आणि मादी फूल पुन्हा बांधलं. त्या बियांची चाचणी पुढच्या उन्हाळ्यात घेतली, वीसपैकी अठरा. चाचणी घेतली नसती तर सगळ्याच्या सगळ्या बिया मृगात आळ्यांत गेल्या असत्या, आणि त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात चार दिवस झड लागली होती.

म्हणून सांगते, चाचणी बी फेकण्यासाठी घ्यायची नसते. कोणतं बी यंदाच पेरून नवं करायला हवं, हे तिच्यातून कळतं.

ज्यांवर विसंबू नये अशा परीक्षा

पाण्यात टाका, बुडलं ते चांगलं आणि तरंगलं ते पोकळ, असं सर्रास सांगतात. भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्यात टाकून पळींज, म्हणजे पोकळ दाणे काढतात, त्यातून हे आलं असावं, आणि भाताला ते ठीकही आहे. हलकं बी वेगळं होतं. पण हलकं आणि मेलेलं या दोन गोष्टी वेगळ्या. भोपळा, दुधी, दोडका यांच्या सालीत हवा असते, चांगलं बीही तरंगतं. आणि दहा वर्षांचं मेलेलं चवळीचं बी दगडासारखं तळाला जातं.

दातानं चावून पाहणं वाळवणीसाठी उपयोगी आहे, जिवंतपणासाठी नाही. चमक पाहूनही काही कळत नाही, माझ्या कांद्याच्या बियांनी ते शिकवलं.

प्रयोगशाळेत एक जलद रीत आहे: बी भिजवून, चिरून टेट्राझोलियम नावाच्या रसायनात ठेवतात. जिवंत पेशी ते लाल करतात, मेलेला भाग पांढराच राहतो. एका दिवसात निकाल लागतो, पण ते वाचायला सरावलेला डोळा लागतो. घरी ओलं कापडच बरं. जास्त बियाणं असेल, विकायचं किंवा वाटायचं असेल, तर होबळीच्या (तालुक्यातल्या आपल्या विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कचेरीत विचारा नमुना कुठे द्यायचा ते. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि धारवाडचं कृषी विद्यापीठही आपल्यापासून फार लांब नाही. तिथे कन्नडमध्ये बोलावं लागलं तर उगवणीला "मोळके" म्हणा, लगेच कळतं.

दुकानातलं पाकीट घेताना नुसती किंमत बघू नका. चाचणीची तारीख, किमान उगवण आणि वैधतेची तारीख छापलेली असते. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते आणि तिची मुदत चाचणीपासून नऊ महिने. सुटं, पुडीत बांधून दिलेलं बी घेतलंत तर घरी आल्यावर आधी वीस बिया कापडात.

तपासलेलं बी पुढच्या वर्षी जिवंत ठेवायचं तर

कांद्याचं बी आपल्या हवेत एक वर्ष, त्याहून जास्त धरून चालू नका. मिरची आणि भेंडी दोन वर्षं. घेवडा, चवळी, गाजर तीन. टोमॅटो, वांगं, मुळा, भोपळा चार वर्षं, काकडी पाच. हे नीट वाळवलेल्या बियांचं झालं. ओलसर डब्यात यातलं काहीच खरं नाही.

बियांचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता, आणि त्यांत ओल जास्त वाईट. हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा बियाणं सांभाळणारे वापरतात: बियेतली ओल एक टक्क्यानं कमी केली की आयुष्य दुप्पट, साठवणीची उष्णता पाच अंशांनी कमी केली की पुन्हा दुप्पट. जुन्या बायकांना हे टक्के माहीत नव्हते, रीत माहीत होती. भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला लावायचं, दोडका सालीसकट चुलीच्या वर टांगायचा, घेवडा गाळलेल्या राखेत कालवून गाडग्यात भरायचा. राख ओल धरते आणि भुंग्याला हिंडू देत नाही. चुलीच्या धुरात आणि ऊबेत पावसाळाभर बी कोरडं राहायचं. आता चूल गेली, गाडगं गेलं, आणि बी गॅसच्या ओट्यावर प्लास्टिकच्या पिशवीत राहतं. कुकरची वाफ रोज त्याच्यावर.

बी सावलीत वाऱ्यावर वाळवा, दुपारच्या उन्हात पत्र्यावर नको. घेवडा दातांत धरला तर दबला नाही पाहिजे, कटकन तुटला पाहिजे. दुधीचं बी वाकवलं की मोडलं पाहिजे. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. तळाला नव्या चपलांच्या किंवा औषधांच्या डब्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, किंवा तव्यावर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ कापडात बांधून ठेवा. चवळी-घेवड्याला भुंगा लागायची भीती असेल तर पूर्ण वाळलेलं बी बरणीसकट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून काढा. ओलं बी मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, आतलं पाणी गोठून ते मरतं.

बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तर उत्तम. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. गार काचेवर जसा घाम येतो तसा बियांवरही येतो, आणि वर्षभर जपलेली कोरड एका मिनिटात जाते. बरणी संध्याकाळी बाहेर काढा, सकाळी उघडा. झाकणावर चिठ्ठी असू द्या: दोडका, कुणाकडून आला, कोणत्या वर्षी धरला, आणि शेवटच्या चाचणीत वीसपैकी किती.